निळं पिंप

पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांवर मे महिन्यात गेलात तर माणसांच्या आधी पिंपं भेटतात. दोनशे लिटरची, निळी, प्लास्टिकची. टँकर जिथवर चढतो तिथवर रस्त्याच्या कडेला एकामागे एक लावलेली. कुणाच्या पिंपाला लाल चिंधी बांधलेली, कुणाच्या पिंपावर ऑइलपेंटने आडनाव. टँकर आला की त्यात पाइप पडतो आणि मग ते पाणी हंड्याहंड्याने वर घरात जातं.

अशाच एका रांगेत मी उभा होतो. शेजारच्या पिंपावरचं लेबल कुणीतरी विळ्याने खरवडलं होतं. कवटीचं चित्र अर्धं गेलेलं, कंपनीचं नाव पूर्ण गेलेलं, मालाच्या नावाचं तेवढं शेपूट उरलेलं: ‘ईन’. बेंझीन, टोल्युईन, झायलीन, ॲनिलीन, सगळ्यांचं शेपूट हेच. ग्लिसरीनचंही हेच, आणि ग्लिसरीन तर खोकल्याच्या औषधात घालतात. पिंपाच्या मालकिणीला विचारलं, यात आधी काय होतं? कंपनीतलं काहीतरी. आणलं कुठून? महाडच्या भंगारवाल्याकडून. धुतलं कसं? आधी राखेने, मग निरम्याने, मग चार दिवस उन्हात उलटं घातलं. पहिलं भरलेलं पाणी म्हशीला दाखवलं. म्हैस प्यायली. झालं.

म्हशीच्या नाकाला मी नावं ठेवणार नाही. शासनाने गावागावात वाटलेल्या तपासणी पेटीपेक्षा ते बऱ्याच बाबतींत तिखट आहे. पण म्हैस जबाब देऊ शकत नाही, आणि महाड-पोलादपूरच्या पाण्याची सगळी गोष्ट शेवटी जबाबावर येऊन अडते.

*

आधी त्या ‘ईन’चं घराणं पाहू. ही सगळी भावंडं तेलाच्या पोटातली. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत रायगड जिल्ह्याचा किनारा बदलून गेला. उरणला तेल आणि वायू उतरवून घेणारा ओएनजीसीचा प्रकल्प, थळला त्या वायूवर चालणारा खतांचा कारखाना, नागोठण्याला वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल करणारं संकुल. त्याही आधी रसायनीत, १९६० साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स. नावातच ‘रसायनी’ असलेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

महाडात तेलाची विहीर नाही, रिफायनरीही नाही. पण तेलाच्या वंशावळीत महाडची जागा नातवंडांची आहे. रिफायनरीतून बेंझीन निघतं. त्याला नायट्रिक ॲसिड लावलं की नायट्रोबेंझीन, त्यावर हायड्रोजन सोडला की ॲनिलीन. ॲनिलीनपासून साडीचा रंग निघतो, टायरच्या रबराला घालायचं रसायन निघतं. तापावरची पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा याच कुळातली. रंग, औषधं, अत्तरं, कीटकनाशकं यांच्या अशा मधल्या पायऱ्या बनवणारे कारखाने, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘केमिकल कंपन्या’, बिरवाडी, जिते, नडगाव, आसनपोईच्या परिसरात एमआयडीसीत बसले. माल येतो मुंबई-गोवा हायवेने, टँकरमधून. ज्या पिंपात तो शेवटी भरला जातो ते पिंपही तेलापासूनच बनलेलं. म्हणजे पोलादपूरच्या वाडीत पाणी साठवायला आलेली वस्तू आत-बाहेर दोन्हीकडून तेलाची.

तेल समुद्रात सांडलं की टीव्हीवर दिसतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली, पुढच्याच ऑगस्टमध्ये ‘राक’ हे कोळशाचं जहाज बुडालं, आणि काळ्या गोळ्या किनाऱ्याला लागल्या. कॅमेरे आले, हेलिकॉप्टर आलं. तेलाचं नातवंड एखाद्या ओढ्यात उतरतं तेव्हा हेलिकॉप्टर येत नाही. बऱ्याचदा पाण्याचा रंगही बदलत नाही.

*

आता पाण्याची वाट. सावित्री महाबळेश्वरच्या त्याच देवळातून निघते जिथून कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री निघतात, असं आपण मानतो. बाकीच्या तिकडे घाटमाथ्यावर गेल्या, ही एकटी कड्यावरून कोकणात उतरली. पोलादपूर ओलांडून महाड, तिथे गांधारी, काळ यांना घेऊन खाडी, आणि बाणकोट-हरिहरेश्वरच्या मधून समुद्र. वाटेत, पोलादपूर तालुक्यात, रानबाजिरे इथे तिच्यावर एमआयडीसीचं धरण आहे. या धरणाचं पाणी खाली महाडच्या औद्योगिक वसाहतीला जातं.

या टापूत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण वरच्या वाड्या जांभ्यावर आणि काळ्या कातळावर बसलेल्या. जांभा चाळणीसारखा, कातळ ताटासारखा. पाऊस पडतो तितक्याच घाईने निघून जातो, झरे होळीनंतर आटतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टँकरची मागणी तहसीलदाराच्या टेबलावर जाते. धरण खाली, वाडी वर. वाडीतल्या माणसाला धरणाचं निळं पाणी दिसतं, आणि ते पाणी जिथे जातं तिथून त्याच्याकडे रिकामं पिंप परत येतं. पाणी असं खाली नेण्यात कुणी कायदा मोडलेला नाही. मला तेच जास्त खुपतं.

वसाहतीत गेलेलं पाणी बाहेर कसं येतं, हे जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच सगळी गफलत होते. कारखान्याने आपलं सांडपाणी आधी स्वतः साफ करायचं, मग ते सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘सीईटीपी’त सोडायचं. सीईटीपीचा जीव म्हणजे जिवाणू. मोठ्या टाक्यांत हवा घुसळून जिवाणू पोसायचे आणि त्यांच्याकडून घाण खाऊन घ्यायची. घरातल्या मोरीचं पाणी जिवाणू आवडीने खातात. पण बेंझीनच्या कड्याला नायट्रो लावलेलं रसायन त्यांना पचत नाही, आणि सांडपाण्यात मीठ जास्त असलं तर ते मरतात. म्हणून तपासणीत दोन आकडे असतात. जिवाणू किती खाऊ शकतील त्याचा अंदाज देणारा बीओडी, आणि जिवाणू खावोत न खावोत, एकूण जळण्यासारखं किती आहे ते सांगणारा सीओडी. दोन आकड्यांमधली दरी जितकी मोठी, तितकं न पचणारं काहीतरी पाण्यात शिल्लक. वर्तमानपत्रात ‘बीओडी मर्यादेत’ अशी बातमी आली की मी सीओडी शोधतो.

प्रक्रिया झालेलं पाणी नळाने शहराच्या खाली, खाडीत सोडायचं, अशी रचना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्राचे ५३ होते, आणि त्या ५३ मध्ये सावित्रीचा दादलीपासून खालचा पट्टा होता. खाडीकाठच्या भोई-कोळ्यांना या यादीची गरज नव्हती. बोय आणि शिंगाळा कुठून कुठे सरकले, जिताडा जाळ्यात येईनासा कधी झाला, हे ते वारावर सांगतात. पण वार म्हणजे तारीख नव्हे, असं कार्यालयात सांगतात.

महाड शहर हे पाणी पीत नाही. शहराला गांधारीवरच्या कोथुर्डे धरणाचा आधार आहे. वसाहतीला लागून असलेल्या गावांत एमआयडीसीचा नळ पोहोचला, आणि नळ आला तशी विहीर वापरातून गेली. पूर्वी जिच्या काठावर अख्खं गाव भांडत होतं त्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आणि जाळीवर वाळत घातलेली चटई. कंपन्यांची बाजू घेणारे म्हणतात, घरात नळ आला, आणखी काय पाहिजे? प्रश्न रास्त आहे. पण विहीर का सोडली, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. नळ देताना कुणी कबुली देत नाही. आणि नळाचं बिल असतं, विहिरीचं नसायचं.

*

विहिरीचं पाणी बिघडलं हे गावाला सर्वांत आधी कळतं ते टीसीएल पावडर टाकल्यावर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बादलीत पावडर कालवतो, गाळ खाली बसू देतो, वरचं पाणी विहिरीत ओततो. साध्या विहिरीला तासाभरात पोहण्याच्या तलावासारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. पाण्यात फिनॉलचा अंश असेल तर क्लोरीन त्याच्याशी जुळतं आणि चहाला दवाखान्याची चव येते. बायका म्हणतात, चहा औषधी लागतो. दोष पावडरीला दिला जातो. पुढच्या वेळी पावडर कमी टाकली जाते, आणि मग कावीळ-जुलाबाची भीती.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरले तर त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. खनिज तेलासाठी अर्धा मिलिग्रॅम. कागदावर मानक कडक आहे. पण गावात जी पेटी येते ती सामू, गढूळपणा, क्षार, लोह, नायट्रेट, फ्लोराइड मोजते. सोबत जिवाणूंसाठी ती बाटली, जी काळी पडली की पाणी वाईट. वर्षातून दोनदा पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ही व्यवस्था पटकी आणि काविळीसाठी उभी राहिली, तिने हजारो जीव वाचवले, मी तिला हसणार नाही. पण फिनॉल असलेल्या विहिरीला हिरवं कार्ड मिळू शकतं, कारण तो प्रश्न परीक्षेच्या पेपरातच नाही.

मग गावातलं एखादं शिकलेलं पोर पेटून उठतं, बिसलेरीच्या बाटलीत पाणी भरतं आणि शहरातल्या प्रयोगशाळेत नेतं. मीही एकदा असंच केलं. खिडकीपलीकडच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, नमुना कुणासमोर घेतला? मी म्हटलं, एका कुत्र्यासमोर. ती हसली नाही, आणि तिचं बरोबर होतं. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ असं आहे की सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, कारखान्याच्या माणसाला तशी सूचना द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. तेव्हा तो कोर्टात पुरावा. गावकऱ्याची बाटली म्हणजे बाटली. कायद्याची ही काळजी समजण्यासारखी आहे, नाहीतर कुणीही कुणावर आळ घेईल. मात्र तक्रार जाते, अधिकारी येतो, सूचना दिली जाते, तोवर महाडच्या पावसात ओढा चार वेळा धुऊन निघालेला असतो. ‘पावसाच्या आडून सोडतात’ हे वाक्य मी वसाहतीभोवतीच्या गावांत इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणीसारखं झालंय. पण म्हणीवर सील लागत नाही.

साक्षीदार तरी? तेही अवघड. प्रत्येक घरातला एकजण कंपनीत आहे, नाहीतर कंपनीच्या गाडीवर, नाहीतर कंपनीच्या कँटीनला भाजी घालतो. आतल्यांनाही आपली जोखीम ठाऊक असते. ३ नोव्हेंबर २०२३ ला याच वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात आग लागून ११ कामगार गेले. तरी दुसऱ्या दिवशी पाळी भरावी लागते. अशा माणसाला ‘तुझ्या विहिरीचं पाणी कुणी नासवलं ते सही करून सांग’ म्हणणं मला जमलेलं नाही.

*

महाडात पाणी आणि पुरावा यांची गाठ नवी नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं हे शाळेतलं पोरही सांगतं. त्यानंतरचा दावा कमी लोक वाचतात. सत्याग्रहाची दुसरी फेरी तोंडावर आली असताना, १२ डिसेंबर १९२७ ला, गावातल्या सवर्णांनी महाडच्या कोर्टात फिर्याद गुदरली की तळं आमचं, अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची रूढी अनादी आहे. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला. तिथून दहा वर्षं खालचं कोर्ट, ठाण्याचं अपील, हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तो ‘पाणी सर्वांचं आहे’ अशा उदात्त वाक्यावर नव्हे. रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, यावर. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड होते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

काहींना हा निकाल कोरडा वाटतो. मला तो महाडच्या पाण्याच्या इतिहासातला सर्वांत ओला कागद वाटतो. कारण त्यात ओझं कुणावर टाकलं ते पाहा. दुसऱ्याला पाण्यापासून अडवायचं असेल तर पुरावा तू आण, पिणाऱ्याने नव्हे.

आजच्या विहिरीला हा न्याय लागू का होत नाही? पुस्तकात झालेला आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा निकाल दिला. तिथे एच-ॲसिड नावाचं, तेल-डांबराच्याच कुळातलं रंगाचं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी काळं केलं होतं. कोर्ट म्हणालं, नासवणाऱ्याने भरपाई द्यायची, हेतू होता की नव्हता हा प्रश्नच नाही. त्याच वर्षी २८ ऑगस्टला तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या वेल्लोर खटल्यात तर स्पष्टच लिहिलं की आपल्या उद्योगाने पर्यावरणाला धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकाची. म्हणजे तत्त्व आहे. पण तत्त्वाला फुटात आणि महिन्यांत मोजलेलं नाही, म्हणून ते दिल्लीत राहतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने ते मोजलं. तिथे जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्याचा धंदा जोरात, आणि डिमॉक नावाच्या गावात लोकांच्या विहिरींत मिथेन शिरला. २०१२ च्या त्यांच्या कायद्यात अशी तरतूद आहे की वायूच्या अशा विहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत, बारा महिन्यांच्या आत, पिण्याचं पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा असं गृहीत धरायचं. नसेल तर कंपनीने सिद्ध करावं. परिणाम गमतीचा झाला. कंपन्या स्वतःहून घरोघर जाऊन, खोदण्याआधी विहिरींचे नमुने घेऊ लागल्या, कारण आता तो पुरावा त्यांना हवा होता. पेनसिल्व्हेनिया काही स्वर्ग नव्हे. डिमॉकच्या प्रकरणात कंपनीने फौजदारी आरोपाला विरोध न करता गावाला नळयोजनेचे पैसे देण्याचं मान्य केलं ते थेट २०२२ मध्ये. म्हणजे तिथेही शेवटी विहीर गेली आणि नळ आला. पण नळ का आला हे तिथे कागदावर आहे.

*

पोलादपूरहून कशेडी ओलांडलं की खेड, आणि खेडच्या पुढे लोटे-परशुराम. इथल्या एका बातमीने मला बरेच दिवस झोप दिली नाही. इटलीच्या व्हिचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो नावाच्या गावी मितेनी नावाचा कारखाना होता. तो फ्लोरिनयुक्त रसायनं बनवायचा, ज्यांना ‘पीफास’ म्हणतात. ही न कुजणारी, पाण्यात फिरणारी, रक्तात साठणारी. तव्याच्या लेपापासून तेलाची आग विझवणाऱ्या फेसापर्यंत त्यांचा वापर. २०१३ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात ती सापडली, आणि सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी बाधित निघालं. आयांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात धरून मोर्चे काढले. तिथे पुरावा शेवटी मुलांच्या अंगात मिळाला. २०१८ मध्ये मितेनी दिवाळखोरीत गेली. २०२५ च्या जूनमध्ये व्हिचेन्झाच्या कोर्टाने ११ जणांना दोषी धरून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

मधल्या काळात, २०१९ मध्ये, मितेनीची यंत्रं आणि पेटंटं लिलावात निघाली. ती लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि लोट्याला आणली. व्यवहार कायदेशीर, आणि यंत्र म्हणजे गुन्हेगार नव्हे, ते कसं चालवलं जातं यावर सगळं. पण मला दुसरीच गोष्ट छळते. अमेरिकेने २०२४ मध्ये या कुळातल्या दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला चार नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या मघाच्या मापाने, पंचवीस हजार टँकरमध्ये एक ग्रॅम. आपल्या २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये या रसायनांसाठी रकानाच नाही. फिनॉलचं निदान मानक तरी आहे, पेटी नाही. इथे मानकही नाही. उद्या कशेडीच्या अलीकडचा किंवा पलीकडचा कुणी, सीलबंद, दोन सह्यांचा, निर्दोष नमुना घेऊन उभा राहिला तर प्रयोगशाळा त्याला विचारेल, यात काय शोधायचं आहे? मानकात काय लिहिलंय?

उत्तर येईपर्यंत विहिरीच्या आजच्या पाण्याची नोंद तरी करून ठेवायला हवी, पेनसिल्व्हेनियात कंपन्या करतात तशी. आधीचं पाणी कसं होतं हे माहीत नसेल तर नंतरचं बिघडलं हे कोण म्हणणार? ती नोंद कुठे आहे, हे शोधत मी वसाहतीपासून फार लांब नसलेल्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. ग्रामसेवक मीटिंगला गेलेले. जलसुरक्षकाने कपाटातून पुठ्ठ्याची वही काढली. टीसीएल कधी टाकलं, किती टाकलं, सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पानामागून पान त्यात एकच शब्द, ‘ठीक’. दोन वर्षं मागे गेल्यावर एका ओळीत ‘ठीक’ खोडलेलं होतं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘रॉकेलचा वास येतो. कळविले.’

कुणाला कळवलं, विचारलं. तो म्हणाला, तेव्हा दुसरा माणूस होता. खालच्या ओळीत पुन्हा ‘ठीक’ होतं, अक्षर तेच.